फ्लॅट विकताना भाव कसा ठरतो आणि एजंट ऑफर कशा हाताळतो

फ्लॅट विकायला काढला की मालकाच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत असतो: हातात किती पडणार? एजंटाच्या डोक्यात दोन प्रश्न असतात: सौदा होणार का, आणि किती लवकर? दोघांचं हित बरंचसं जुळतं, पण पुरतं जुळत नाही. ते नेमकं कुठे जुळत नाही हे एकदा लक्षात आलं, की एजंटाचा सल्ला, त्याचे फोन आणि त्याने आणलेल्या ऑफर कशा ऐकायच्या हेही कळायला लागतं.

एजंट लबाड असतात असं सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. चांगला एजंट खरोखर मोलाचा असतो. गिऱ्हाईक पारखणं, बोलणी तुटू न देणं, कागदपत्रांत अडकलेला व्यवहार मार्गी लावणं ही कामं बहुतेक मालकांना स्वतःला जमत नाहीत. पण त्याची कमाई कशावर अवलंबून आहे हे ठाऊक नसेल, तर चांगल्या एजंटाचाही पुरता उपयोग करून घेता येत नाही. घर विकणं हा बहुतेकांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार असतो, म्हणून हे गणित प्रत्येक मालकाला यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दलालीचं गणित

समजा फ्लॅटची किंमत १०० आहे. दलालीतून एजंटाच्या संस्थेचा आणि इतरांचा वाटा वजा जाऊन त्याच्या स्वतःच्या खिशात किमतीच्या दीड टक्का रक्कम येते. आज ९६ ची ऑफर आली आहे. आणखी दोन महिने थांबलं तर १०० मिळतील असा मालकाचा अंदाज आहे. थांबण्यात मालकाचा फायदा ४ चा. एजंटाचा फायदा त्या ४ च्या दीड टक्का, म्हणजे अवघा ०.०६. तेवढ्यासाठी त्याने आणखी दोन महिने फ्लॅट दाखवत फिरायचं, फोन घ्यायचे, जाहिरातीचा खर्च करायचा आणि एवढं करून मालकाने विचार बदलला किंवा दुसरा एजंट गाठला, तर आज हातात असलेले १.४४ सुद्धा घालवायचे. म्हणून "ऑफर चांगली आहे, घेऊन टाका" हा सल्ला तो मनापासून देत असतो. त्याच्या जागेवरून पाहिलं तर तो बरोबरच असतो.

या ओढीचं मोजमापही झालेलं आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतली तीन हजारांहून जास्त घरं एजंटांची स्वतःची होती. घराचा आकार, वय, परिसर वगैरे फरक हिशेबात धरल्यावर असं दिसलं, की एजंटांनी स्वतःची घरं गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला विकली आणि ती सरासरी साडेनऊ दिवस जास्त काळ बाजारात ठेवली. स्वतःचं घर विकताना तोच माणूस थांबायला तयार होता.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फ्लॅटमालकांना जास्त उपयोगाची आहे. जिथे आजूबाजूची घरं एकमेकांपेक्षा फार वेगळी होती, तिथे हा फरक मोठा होता. जिथे घरं सारखी होती, तिथे तो कमी होता. कारण उघड आहे: सारखी घरं असली की मालकालाही भावाचा अंदाज असतो आणि एजंटाला एकट्यालाच काही माहीत आहे अशी स्थिती उरत नाही. एका इमारतीतले फ्लॅट एकमेकांसारखेच असतात. म्हणजे बंगल्याच्या मालकापेक्षा फ्लॅटमालकाला स्वतःचा भाव स्वतः शोधून काढणं सोपं आहे. हा फायदा बरेच जण वापरतच नाहीत.

भाव काढायचा कसा

एजंट भाव काढतो तो तुलनेने. त्याच इमारतीत किंवा जवळच्या तशाच इमारतीत गेल्या काही महिन्यांत कोणते फ्लॅट विकले गेले, प्रत्यक्षात कितीला गेले, आणि आपला फ्लॅट त्यांच्यापेक्षा कशात सरस किंवा कमी आहे हे तो पाहतो. मजला, उजेड, गोंगाट, पार्किंग, लिफ्ट, इमारतीचं वय, आतलं काम, देखभाल खर्च आणि त्याची थकबाकी यांप्रमाणे तो आकडा वरखाली करतो. क्षेत्रफळाच्या दरावरून हिशेब केला असेल तर कोणतं क्षेत्रफळ धरलं आहे हे आधी विचारून घ्यावं. भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ एका फ्लॅटला आणि जिना-लॉबीसकटचं दुसऱ्याला लावलं, तर ती तुलनाच खोटी ठरते.

इथे एक चूक फार लोक करतात. ते जाहिरातींतले भाव पाहतात. जाहिरातीतला भाव ही कोणत्या तरी मालकाची इच्छा असते आणि ती पूर्ण झाली का हे जाहिरात सांगत नाही. उलट सहा महिने एकाच भावाने दिसणारी जाहिरात त्या भावाला गिऱ्हाईक नाही एवढंच सिद्ध करते. नोंदणी झालेल्या व्यवहारांचे आकडे जिथे पाहायला मिळतात तिथे ते पाहावेत. मिळत नसतील तर एजंटाला सरळ म्हणावं, "यासारखे तीन विकले गेलेले फ्लॅट दाखवा, तारखा आणि किमतींसकट." ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १ मे २०१७ पासून ही गोष्ट कायद्यानेच आणली आहे. तिथे विक्रीच्या जाहिरातीबरोबर एजंटाला एक माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात अपेक्षित किंमत, तशाच तीन घरांच्या झालेल्या विक्री आणि त्या भागातली मध्यम किंमत (निम्म्या विक्री जिच्या वर आणि निम्म्या खाली होतात ती) असते. अपेक्षित किंमत पट्ट्यात द्यायची असेल तर वरचा आकडा खालच्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असता कामा नये. असा कायदा आपल्याकडे असो वा नसो, तसा कागद मागायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त भाव सांगणारा एजंट

तीन एजंटांना बोलावलं. दोघांनी ९५ ते ९८ सांगितलं, तिसऱ्याने ११०. माणूस साहजिकच तिसऱ्याकडे वळतो. पण त्या ११० ला अजून कोणीही हो म्हटलेलं नाही. ते सांगायला एजंटाला काही खर्च येत नाही आणि त्या एका आकड्यावर त्याला फ्लॅट विकायचं काम मिळतं. काही महिन्यांचा एकट्यालाच काम देण्याचा करार झाला की पुढचं सगळं त्याच्या हातात येतं.

मग हळूहळू सूर बदलतो. "लोक येतायत, पण भाव जास्त वाटतोय म्हणतायत." "बाजार जरा थंड आहे." "शेजारच्या इमारतीतला ९४ ला गेला." हळूहळू मालकाची अपेक्षा खाली आणली जाते आणि शेवटी फ्लॅट ९३ ला जातो. पहिल्या दिवशी ९७ लावले असते तर कदाचित ९६ ला गेला असता. हा प्रकार जगभर चालतो आणि त्यातून सुटायचा मार्ग साधा आहे. सर्वांत मोठा आकडा सांगणाऱ्याकडे सर्वांत भक्कम पुरावा मागायचा. एकट्यालाच काम देण्याचा करार थोड्या मुदतीचा ठेवायचा. आणि एक प्रश्न नक्की विचारायचा: तुम्ही शेवटी विकलेल्या काही फ्लॅटना सुरुवातीला काय भाव लावला होता आणि ते कितीला गेले? या उत्तरातून एजंटाचा अंदाज किती खरा ठरतो ते जितकं कळतं, तितकं त्याच्या माहितीपुस्तिकेतून कळत नाही.

भाव मुद्दाम कमी लावण्याची चालही असते. खूप लोक यावेत, चढाओढ व्हावी आणि किंमत आपोआप वर जावी हा हेतू. स्कॉटलंडमध्ये अमुक किमतीच्या वर ऑफर द्या अशीच जाहिरात करण्याची जुनी पद्धत आहे. चढाओढ झाली तर हे उत्तम चालतं. पण चढाओढीला निदान दोन गरजू खरेदीदार एकाच वेळी लागतात. बाजार संथ असताना भाव कमी लावला आणि एकच गिऱ्हाईक आलं, तर तो कमी भाव हीच वरची मर्यादा होऊन बसते. शिवाय खरेदीदारांच्या दृष्टीने यात फसवणूकही होऊ शकते. परवडणार नाही असं घर बघण्यात त्यांचे दिवस आणि पैसे वाया जातात. व्हिक्टोरियात म्हणूनच असाही नियम आहे, की मालकाने किमतीच्या कारणावरून नाकारलेल्या लेखी ऑफरपेक्षा कमी भाव एजंटाने पुढे जाहिरातीत ठेवायचा नाही.

लावलेला आकडा मनावर काय करतो

ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरात केलेला एक प्रयोग मला या विषयातला सगळ्यात बोलका वाटतो. त्यांनी एकच घर विद्यार्थ्यांना आणि अनुभवी एजंटांना दाखवलं, माहितीचा जाडजूड कागदपत्रांचा संचही दिला. सगळी माहिती तीच, फक्त मालकाने मागितलेली किंमत वेगवेगळ्या गटांना वेगळी सांगितली, खऱ्या अंदाजापेक्षा १२ टक्के वरपासून १२ टक्के खालपर्यंत. घराची योग्य किंमत काय असं विचारल्यावर ज्यांना मोठा आकडा सांगितला होता त्यांनी मोठी किंमत काढली, ज्यांना छोटा सांगितला त्यांनी छोटी. विद्यार्थी तसे वागले आणि एजंटही तसेच वागले. फरक एवढाच, की मागितलेल्या किमतीचा आपल्यावर परिणाम झाला हे बहुतेक एजंटांना मान्य नव्हतं.

म्हणजे लावलेला भाव खरेदीदाराच्या मनात खुंटी ठोकतो आणि पुढची सगळी बोलणी त्या खुंटीभोवती फिरतात. पण म्हणून वाटेल तेवढा भाव लावून चालत नाही. प्रयोगातल्या लोकांना ते घर पाहावंच लागलं होतं. बाजारात खरेदीदार भाव पाहून घर बघायलाच येत नाही. वेबसाइटवर तो कमाल किमतीची मर्यादा टाकून शोधतो. बहुतेक लोक १०० पर्यंत शोधत असतील आणि तुम्ही १०१ लावले असतील, तर तुमचा फ्लॅट त्यांच्या यादीत येतच नाही. शोधण्याच्या या पायऱ्या कुठे आहेत हे चांगल्या एजंटाला माहीत असतं आणि भाव ठरवताना तो त्यांचा विचार करतो.

मालकाच्या स्वतःच्या मनातही एक खुंटी असते: आपण हा फ्लॅट कितीला घेतला होता. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी १९९० च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ मध्ये मांडला. किमती पडलेल्या काळात ज्या मालकांना तोटा सोसून विकावं लागणार होतं, त्यांनी खरेदीची जुनी किंमत आणि आता मिळू शकणारी किंमत यांतल्या फरकाच्या २५ ते ३५ टक्के एवढी जादा मागणी ठेवली. शेवटी त्यांना त्या फरकाच्या ३ ते १८ टक्के एवढेच जास्त मिळाले, आणि त्यांचे फ्लॅट विकायला वेळही जास्त लागला. हट्टाने थोडं मिळालं, हे खरं आहे. पण त्या काळातलं कर्जाचं व्याज, देखभाल आणि अडकलेले बेत त्यातून वजा करावे लागतात. खरेदीदाराला तुमच्या जुन्या किमतीशी काहीही देणंघेणं नसतं. एजंट हे सांगतो तेव्हा ते कटू वाटतं, पण इथे तो बरोबर असतो.

पहिले काही आठवडे एवढे महत्त्वाचे का, हेही इथेच सांगतो. कोणत्याही वेळी बाजारात कित्येक महिने घर शोधत असलेले लोक असतात. त्यांनी बाकी सगळं पाहिलेलं असतं, नवीन काही आलं की ते लगेच येतात. तुमचा फ्लॅट नवा असताना हा सगळा साठलेला जमाव एकदम बघून जातो. त्यानंतर फक्त नव्याने शोधू लागलेले लोक उरतात, थोडे थोडे. तोवर जाहिरात जुनी झालेली असते आणि "इतके दिवस का गेला नाही, काही दोष असेल" अशी शंका येऊ लागते. भाव कमी करायचाच असेल तर एकदाच, जाणवेल एवढा आणि लवकर करावा. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं उतरवत गेलं की मालक अडचणीत आहे असा निरोप जातो आणि खरेदीदार पुढच्या उतरणीची वाट पाहत बसतो.

ऑफर म्हणजे नुसता आकडा नाही

अनुभवी एजंट ऑफर आली की किमतीआधी माणसाकडे पाहतो. पैसे तयार आहेत की कर्ज घ्यायचंय? कर्ज असेल तर बँकेचं तत्त्वतः मंजुरीचं पत्र आहे का? त्याला आधी स्वतःचं घर विकावं लागणार आहे का, आणि ते विकलं गेलंय का? ताबा कधी हवा? बयाणा किती देतो? कोणत्या अटी घालतो? १०० ची ऑफर देणारा माणूस स्वतःचं घर विकल्यावर पैसे देणार असेल आणि त्या घराला अजून गिऱ्हाईकच नसेल, तर ती ऑफर अजून हवेत आहे. पैसे तयार असलेल्या माणसाचे ९७ तिच्यापेक्षा सरस ठरू शकतात. किती सरस, हे तुमच्यावर अवलंबून आहे: घाई नसेल, मोडलेल्या सौद्याचा धक्का सोसण्यासारखा असेल, तर १०० च्या मागे जाणंही शहाणपणाचं ठरेल.

म्हणून एजंटाला एक सवय लावायची: प्रत्येक ऑफर लेखी, किमतीबरोबर वरच्या प्रश्नांच्या उत्तरांसकट. अगदी कमी असेल तरीही. कमी ऑफर नाकारायची असली तरी तिच्यातून माहिती मिळते. तीन वेगवेगळ्या लोकांनी ९० च्या आसपासच सांगितलं असेल, तर ती बाजाराने दिलेली किंमत आहे आणि ती मालकाच्या कानावर यायला हवी. एजंट फोनवरच "मालक एवढ्याला ऐकणार नाहीत" म्हणून परस्पर वाटेला लावत असेल, तर तो तुमच्या वतीने निर्णय घेतोय. इंग्लंडमध्ये १९७९ च्या एस्टेट एजंट कायद्याखाली १९९१ साली निघालेल्या आदेशाने ही पळवाट बंद केली. मालकाने स्वतः लेखी सूचना देऊन काही प्रकारच्या ऑफर वगळल्या नसतील, तर प्रत्येक ऑफर एजंटाने लवकरात लवकर आणि लेखी मालकाला कळवली पाहिजे. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट आहे: खरेदीदार एजंटामार्फत कर्ज किंवा दुसरी सेवा घेत नाही म्हणून त्याला डावलायचं नाही. हा नियम करावा लागला, कारण कर्ज मिळवून दिल्याचं कमिशनही एजंटाला मिळत असतं आणि ते देणारं गिऱ्हाईक त्याला साहजिकच जवळचं वाटतं. मालकाने म्हणून एवढं विचारून ठेवावं: या खरेदीदाराकडून तुम्हाला आणखी कशाचे पैसे मिळणार आहेत का? दोन्ही बाजूंकडून दलाली घेतली जात असेल तर तेही आधीच स्पष्ट व्हावं.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. कमीत कमी कितीला विकाल, हे एजंट पहिल्याच भेटीत विचारतो. सांगावं का? माझं मत आहे, सांगू नये. एजंट ते गिऱ्हाइकाला फोडेलच असं नाही. पण ९४ ला मालक तयार आहे हे ठाऊक असलेला माणूस ९४ च्या ऑफरशी कशाला झगडेल? त्याच्या बोलण्यात, थांबण्यात, "विचारून सांगतो" म्हणण्याच्या सुरात ते उतरतंच. विकण्याचं कारण आणि घाई यांबद्दलही जपून बोलावं. बदली झालीय, दुसऱ्या घराचे हप्ते सुरू झालेत, अशा गोष्टी खरेदीदारापर्यंत पोचल्या की किंमत त्यांच्याच वजनाने खाली येते. एजंटाला सांगायचं ते एवढंच: लावलेला भाव, ऑफर आल्यावर विचार करू हे आश्वासन, आणि ताबा कधीपर्यंत देता येईल.

घासाघीस करताना उतरण्याच्या पायऱ्याही बोलतात. मालक १०० वरून ९८, मग ९७, मग साडेशहाण्णव असा आला, तर समोरच्याला कळतं की तळ जवळ आला. १०० वरून ९७ आणि पुन्हा ९४ असा आला, तर अजून बरंच खाली जाता येईल असा त्याचा अर्थ लागतो. आणि पहिल्या ऑफरला लगेच उत्तर देण्याची गरज नसते. एक दिवस घेतला तर सहसा काही बिघडत नाही.

"दुसरं एक गिऱ्हाईकही आहे"

खरेदीदाराला हे वाक्य हमखास ऐकू येतं. कधी ते खरं असतं, कधी नसतं. इंग्लंडच्या त्याच आदेशाने नसलेल्या ऑफरबद्दल खोटं सांगणं हा गैरप्रकार ठरवला आहे. स्वीडनमध्ये एजंटाला सगळ्या बोलींची यादी ठेवावी लागते आणि सौदा झाल्यावर ती मालक आणि खरेदीदार दोघांना द्यावी लागते. नॉर्वेतही बोलींची अशी नोंदवही ठेवतात. तिथे आणखी एक समंजस नियम आहे: घर दाखवण्याच्या जाहीर केलेल्या शेवटच्या दिवसानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत तरी बोली खुल्या राहिल्या पाहिजेत, त्याआधीच उत्तर द्या अशी मुदत घालून आलेली बोली एजंटाने पुढे न्यायची नाही. घर पाहिल्या पाहिल्या घाईत हो म्हणायला लावण्याचा प्रकार त्यामुळे थांबतो. जिथे असे नियम नाहीत तिथे खरेदीदाराने दुसरी ऑफर लेखी आहे का एवढं विचारावं, आणि उत्तर काहीही आलं तरी स्वतः आधी ठरवलेल्या मर्यादेपुढे जाऊ नये.

दोन-तीन ऑफर खरोखरच आल्या तर एजंटासमोर दोन रस्ते असतात. एक, उघड चढाओढ: प्रत्येकाला वरची बोली सांगत जायची, कोणीतरी एक उरेपर्यंत. दुसरा, बंद ऑफर: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेपर्यंत सगळ्यांनी आपली शेवटची आणि सगळ्यात चांगली ऑफर द्यायची. स्कॉटलंडमध्ये चढाओढ असली की अशी शेवटची तारीख ठरवून बंद ऑफर मागवतात.

कोणता रस्ता कधी, हे समजायला थोडं लिलावाचं शास्त्र लागतं. विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये त्याचा पाया घातला आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उघड चढाओढीत बोली कुठे थांबते? दुसऱ्या क्रमांकाचा खरेदीदार माघार घेतो तिथे. पहिला माणूस ११० पर्यंत जायला तयार असला आणि दुसरा ९९ ला थांबला, तर मालकाला ९९ च्या किंचित वर मिळतात, उरलेलं पहिल्याच्या खिशात राहतं. बंद ऑफरमध्ये दुसरा कुठे थांबेल हे पहिल्याला दिसत नाही. घर हातचं जाईल या धास्तीने तो १०४-१०५ लिहितो. म्हणून एखादा खरेदीदार फ्लॅटवर खरोखर लुब्ध झालेला असेल, तर बंद ऑफरमध्ये मालकाला सहसा जास्त मिळतं. बरेच खरेदीदार जवळजवळ सारख्याच तयारीचे असतील, तर उघड चढाओढही तितकीच चालते, शिवाय हरलेल्यांनाही आपण का हरलो ते दिसतं. कोणताही रस्ता घेतला तरी सगळ्यांना एकच माहिती आणि एकच मुदत द्यायला हवी. एकाला दुसऱ्याची ऑफर कळवून गुपचूप वर चढवणं खरेदीदाराला नंतर समजतं, आणि मग तो सौदा मोडतो.

चढाओढीतून आलेली खूप मोठी ऑफर मालकाने थोडी सावधपणे घ्यावी. कर्ज देणारी बँक फ्लॅटचं स्वतः मूल्यांकन करते. ऑफर ११० ची आणि बँकेने किंमत १०० धरली, तर कर्ज १०० च्या हिशेबाने मिळतं आणि मधला खड्डा खरेदीदाराला पदरचे पैसे घालून भरावा लागतो. त्याच्याकडे ते आहेत का, हे हो म्हणण्याआधी एजंटाने तपासायचं असतं.

हो म्हटल्यानंतर

ऑफर स्वीकारली म्हणजे फ्लॅट विकला गेला असं सगळीकडे होत नाही. इंग्लंडमध्ये सही केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणत्याही बाजूला दुसऱ्याला भरपाई न देता मागे फिरता येतं. स्वीडनमध्येही लेखी करारावर सही होईपर्यंत बोली बंधनकारक नसते. या मधल्या काळात जास्त ऑफर घेऊन दुसरा कोणी येऊ शकतो, किंवा पहिलाच खरेदीदार तपासणीनंतर किंमत कमी करून मागू शकतो. आपल्या ठिकाणचा कायदा काय म्हणतो, नक्की कोणत्या कागदावर कोण बांधला जातो आणि बयाणा कोणत्या परिस्थितीत परत करावा लागतो, हे वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय हो म्हणू नये.

तपासणीनंतरची घासाघीस ही मालकाची खरी कसोटी असते. ओल, वायरिंग, गळती, नाहीतर कागदपत्रांतली एखादी उणीव दाखवून खरेदीदार ५ कमी करा म्हणतो. तुम्ही मनाने फ्लॅट विकून टाकलेला असतो, पुढचे बेत आखलेले असतात. एजंटाची दलाली तर एका सहीवर आलेली असते, म्हणून तो "एवढ्याकडे बघू नका" म्हणणारच. इथे आकड्यावर वाद घालत बसण्यापेक्षा पुरावा मागावा. अहवालाची प्रत कुठे आहे? दुरुस्तीचा खर्च कोणी काढला? तो दोष फ्लॅट पाहतानाच दिसत होता का? दिसत असेल तर तो पहिल्या किमतीतच धरलेला होता आणि पुन्हा कापायचं कारण नाही. खरोखर नवा दोष निघाला असेल तर दुरुस्तीच्या खर्चाएवढी किंवा त्यातल्या वाजवी वाट्याएवढी सूट देणं रास्त आहे. बोलणी अडली तर मागच्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या खरेदीदाराला फोन करायचा. त्यासाठी त्याचं नाव, त्याची शेवटची ऑफर आणि पैशांची तयारी एजंटाकडून लेखी घेऊन ठेवलेली असावी, आणि नकार कळवतानाच त्याला "काही बदललं तर कळवू" असं सांगून ठेवलेलं असावं.